दारावर निजवलेला माणूस

१

“लढाई उंबऱ्याशी आलीय आणि मालेशेवला पाठवलंय कॅसेट शोधायला. उद्या म्हणतील, मांजर हरवलंय, तेही बघून घ्या.”

हे पुटपुटणं अगदी माझ्या कानाशी झालं. कपाटाच्या अल्याड मी होते, पल्याड तो माणूस, आणि मधे फळीभर जुन्या बातम्या. मी दोन डबे सरकवून डोकावले. चुरगळलेला कोट, डोळ्यांखाली पिशव्या, बगलेत थर्मास.

“मांजर आमच्याकडे आहे,” मी म्हटलं. “पण तिला शोधावं लागत नाही. ती हीटरपाशी असते. आपण कोण?”

“इन्स्पेक्टर तोदोर मालेशेव. तुम्हीच लुबिंकाबाई ना? या टीव्ही केंद्राचं जुनंपुराणं सांभाळणाऱ्या?”

“जुनंपुराणं नाही, संग्रह.”

“बाई, पोटात अल्सर आहे. शब्दांवरून भांडायची ताकद नाही. कॅमोमाइलच्या फुलांचा चहा घेणार?”

तो एक्याण्णव सालचा शरद होता. देश तुकड्यातुकड्यानं सुटत होता. नदीच्या अलीकडे आम्ही सर्ब, पलीकडे ‘ते’, क्रोएट. आमच्या सरकारचा टीव्ही त्यांना खाटीक म्हणायचा, त्यांच्या सरकारचा आम्हाला. सहा महिन्यांपूर्वी हीच दोन्ही केंद्रं एकमेकांना फुटबॉलची दृश्यं उसनी देत होती. माझ्या तळघरात त्यांचे डबे अजून पडले होते; परत करायचे कसे, हे कुणाला सुचत नव्हतं.

“तक्रार अशी आहे,” मालेशेव म्हणाले. “तुमच्या बातमीदाराच्या गाडीत एका बाईनं कॅसेट दिली. मुलाला पोचवा म्हणून. मुलाला मिळाली नाही. बाई वर बसलीय, हलायला तयार नाही. दरवाजावरच्या माणसाला खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी भरवतेय.”

“एका कॅसेटसाठी पोलीस?”

“मीही तेच म्हणत होतो. मग तिनं सांगितलं, मुलगा लढाईवर गेला.” त्यांनी थर्मास दुसऱ्या बगलेत घेतला. “हे एवढं ऐकायला नको होतं, असं आता वाटतंय.”

२

झुझाना चास्त्वेन वरच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. स्लोव्हाक बाई, एकावर एक घातलेल्या घागऱ्यांनी अर्धा बाक व्यापलेला. तिचे लोक नदीच्या दोन्ही काठांना पिढ्यानपिढ्या राहतात, सर्बांच्याही शेजारी आणि क्रोएटांच्याही. या भांडणात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

“बसा गं दोघं,” ती म्हणाली. इन्स्पेक्टर पुरुष होते, पण तिच्या वयाला सगळे सारखे. “म्हातारा माझा अंथरुणात गेला. दूध काढून घरात आले तर झोपल्यासारखा पडलेला. छातीचं दुखणं होतंच. मुलगे दोन. थोरला पावेल इथं तुमच्या शहरात बस चालवतो. धाकटा सामो तिकडं क्रोएटांच्या झाग्रेबला, दातांचा डॉक्टर. फोन बंद, रस्ते बंद. कोण येणार बापाला माती द्यायला?”

“मग?”

“मग काय, आमच्याकडं करतात तसं केलं. लग्नाची शूटिंग करणाऱ्याला बोलावलं. निम्मं गाव जर्मनीत कामाला आहे, कुणी गेलं की कॅसेट काढून पाठवतात. लांबचा माणूस निदान बघून रडतो तरी. आम्ही दोन काढून घेतल्या. त्या रस्त्यानं फक्त तुम्हा लोकांच्या गाड्या जायच्या, टीव्हीवाल्यांच्या. एक तुमच्या गाडीत दिली पावेलसाठी. दुसरी त्यांच्या गाडीत, सामोसाठी. चष्मेवालं पोरगं होतं, हसरं. त्यानं नक्की दिली असणार.”

“आणि तुमच्या पावेलला नाही मिळाली.”

“मी पुलावरून ट्रॅक्टरनं आले, त्याच्या घरी गेले. घरमालकीण म्हणते, तो गेला वुकोवारला, तुमच्या फौजेनं त्या शहराला वेढा घातलाय तिथं, स्वतःहून नाव देऊन. बापासाठी गेला म्हणे.” तिनं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. “बापासाठी म्हणजे काय? बाप अंथरुणात गेला, त्याला लढाई कशाला? कॅसेट बघितली असती तर कळलं असतं त्याला. म्हणून म्हणते, चोरली कुणीतरी.”

“घरमालकीण आणखी काही म्हणाली?”

“म्हणाली, संध्याकाळी टीव्हीपुढं जेवत होता. ताट तसंच टाकून उठला.” तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. “आमच्याकडं तर वीजच नव्हती. पण मला सांगा साहेब, टीव्हीत माझ्या म्हाताऱ्याचं काय काम?”

३

त्या संध्याकाळच्या बातम्या मी तळघरातल्या यंत्रावर लावल्या. मालेशेव खुर्ची ओढून इतके जवळ बसले की त्यांच्या श्वासानं काच धुरकटली.

पडद्यावर नेवेंका आली. आमची निवेदिका. तिनं उद्या थंडी म्हटलं की माझी आई आजच लोकरीचे कपडे बाहेर काढायची, असा तो आवाज. ती म्हणाली, पलीकडच्या सशस्त्र टोळ्यांनी एका गावात घराचं दार फोडलं आणि एका वृद्धाला त्याच्याच अंगणात ठार केलं. मग चित्र. अंगण, चिखल, उखडलेलं दार जमिनीवर पडलेलं, त्यावर एक म्हातारा उताणा. मागे गोळीबार. संपलं. नाव नाही, गावही नाही.

मालेशेवनी खिशातून फोटो काढून पडद्याशी धरला. बाईंनी दिलेला, लग्नाच्या वाढदिवसाचा.

“हाच,” मी म्हटलं. “म्हणजे बाई खोटं बोलताहेत? याला खरंच मारलं?”

“पुन्हा लावा. हळू.”

मी हळू लावलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

“बाई, तुम्ही चिखलातून चालत आलात तर बुटांचे तळ कसे होतील?”

म्हाताऱ्याचे बूट काळे, नवे होते आणि तळ दुकानातल्यासारखे स्वच्छ. अंगणभर चिखल, आणि हा माणूस त्यात पाऊल न टाकता मरून पडला होता.

मग मलाही दिसायला लागलं. इतकी वर्षं दुसऱ्यांची दृश्यं बघत आले, पण बघायचं ठरवल्यावरच दिसतं. मागच्या खिडकीतून आतली भिंत दिसत होती. भिंतीवर आरसा. आरशावर पांढरा टॉवेल.

“घरात माणूस गेला की आरसा झाकतात,” मी म्हटलं. “माझी आजी झाकायची. दार फोडून आलेले लोक आरसा झाकत बसतील का?”

“आणि ते दार,” मालेशेव म्हणाले, “फोडलेलं नाही. कडा बघा. बिजागऱ्यांतून उचलून काढलंय. अलगद.”

आम्ही वर जाऊन झुझानाकाकूंना विचारलं, दाराचं काय केलं होतं.

“अगं, सुतार पळालेला. शवपेटी कोण करणार?” त्या म्हणाल्या. “आमच्यात अंगणातच प्रार्थना होते, माणसाला मधे ठेवून. खाली ठेवायचा का त्याला ओल्यात? मग खोलीचं दार काढलं, त्यावर निजवला. नवे बूट घातले. ते त्यानं स्वतःच आणून ठेवले होते, मरणासाठी. चांगला दिसत होता गं. तुम्हाला कसं कळलं दाराचं?”

मालेशेवनी थर्मासचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

४

जिन्यात ते मला म्हणाले, “म्हणजे चोरीची वस्तू सापडली. साऱ्या देशानं ती जेवताना पाहिली. आता चोर.”

पहिला बातमीदार रातोमीर. गाडी त्याची होती. तो उपाहारगृहात कॉफीच्या कपात बघत बसला होता.

“घेतली होती मी कॅसेट,” तो लगेच म्हणाला. “पोचवणारही होतो, आईशपथ. त्या दिवशी आम्हाला चौकीवरूनच परत पाठवलं. एक चित्र मिळालं नाही. रिकाम्या हातानं आलो, आमच्या प्रमुखानं, वुकाशिननं झापलं. मी सामान टेबलावर टाकलं आणि घरी जाऊन झोपलो. ती कॅसेट आमच्या कॅसेटींत मिसळली असेल. चुकून. कुणीतरी लावली, चालली.”

“चुकून,” मालेशेव म्हणाले.

“धावपळीत होतं हो साहेब. तुम्हाला काय माहीत बातम्यांची धावपळ.”

दुसरी सेन्का. बातम्यांची कापाकापी तिच्या टेबलावर होते. ती आमच्याकडे पाठ करूनच बोलली. “माझ्याकडे तुकडा आला तो मुका होता. आवाजच नव्हता त्यात. गोळीबार घाल म्हणाले, घातला. आमच्याकडे गोळीबाराची एकच टेप आहे, रोज तीच लागते. लोकांना कळत कसं नाही, याचंच मला नवल वाटतं.”

“कोण म्हणालं, घाल?”

“वरून.”

“वर म्हणजे कुठं? वर तर कबुतरं आहेत.”

तिनं टेप पुढं पळवली.

तिसरी नेवेंका. मेकअपच्या खोलीत होती, गळ्याला कागद खोचलेला. “माझ्यासमोर जे ठेवतात ते मी वाचते,” ती म्हणाली. “चित्र तर मी बघतही नाही, ते माझ्या मागे असतं. मला काय विचारता?” मग मला धरून हळूच म्हणाली, “लुबिंका, ती बाहेरची बाई कोण गं? मघाशी माझा हात धरून म्हणाली, तू तर आमच्या घरातलीच, वीज जाईपर्यंत रोज तुझ्याबरोबरच जेवायचो. मला गुंडाळी दिली रुमालात बांधून. मी खाल्ली.”

आम्ही परत तळघरात उतरलो. मालेशेव पायरीवर बसले.

“रातोमीर म्हणतो चुकून. लोक चुकून म्हणतात तेव्हा ते मला पटतंही. दमलेला माणूस, ढिगात ढीग. यात खोट कुठं आहे, बाई?”

आणि मला ती सापडली. इतकी साधी होती की लाज वाटली.

“साहेब, लग्नवाल्यांची कॅसेट आमच्या यंत्रात बसतच नाही,” मी म्हटलं. “ती घरगुती, आमची वेगळी. दिसायला वेगळी, पट्टी वेगळी. ढिगात पडली तरी कुणी आमची समजून लावूच शकणार नाही. आधी तिच्यावरून आमच्या कॅसेटवर उतरवून घ्यावी लागते, मुद्दाम बसून. घरगुती यंत्र या इमारतीत एकच आहे.”

“कुठं?”

“शेजारच्या खोलीत. तिथं पलीकडच्यांच्या बातम्या रोज टिपतात, ते काय म्हणतात हे कळावं म्हणून. ती खोली कुलपात असते.”

“आणि किल्ली?”

“वुकाशिनकडे. एकट्याकडे.”

मालेशेव उठले. “आणि उतरवताना ज्यानं आवाज काढून टाकला, त्यानं तो आधी ऐकला. काय असेल त्यात?”

“पाद्री,” मी म्हटलं. “भजनं. बायकांचं रडणं. तिचं.”

५

वुकाशिन आमचा वृत्तविभागाचा प्रमुख. वाईट माणूस नव्हता, हेच सांगायला जड जातं. माझ्या आईच्या आजारपणात स्वतः औषधं आणून द्यायचा. त्यानं काहीच नाकारलं नाही. खण उघडून कॅसेट टेबलावर ठेवली. तिच्यावर बाईंच्या हातची चिठ्ठी तशीच चिकटवलेली होती: पावेलला, आईकडून.

“परत देणारच होतो,” तो म्हणाला.

“तुम्ही ऐकलं होतं सगळं,” मालेशेव म्हणाले. “तो अंथरुणात गेला, हे माहीत होतं तुम्हाला.”

“साहेब, माणूस मेला होता की नाही? होता. त्या गावावर तोफा पडत होत्या की नाही? पडत होत्या. मी नवीन काय घातलं? दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, बस. राजधानीहून रोज फोन येतो, आज काय आहे? आज काही नाही, असं सांगून बघा एकदा.”

“आणि त्याचा मुलगा?”

“मला काय माहीत त्याला मुलगा आहे!”

मालेशेवनी बोटानं चिठ्ठी दाखवली. वुकाशिन एकदम भडकला.

“आणि पलीकडचे काय धुतल्या तांदळाचे आहेत? चला, दाखवतो. रोज बघतो मी त्यांचं!”

आम्ही त्याच्या मागून कुलपाच्या खोलीत गेलो. त्यानं त्याच आठवड्यातली टेप लावली. पलीकडची निवेदिका, आमच्या नेवेंकासारखाच विश्वास ठेवावा असा चेहरा. ती म्हणाली, सर्ब टोळ्यांनी एका क्रोएट गावात शिरून एका निष्पाप वृद्धाला ठार केलं.

अंगण. चिखल. दार. स्वच्छ तळांचे बूट.

“बघा!” वुकाशिन विजयानं म्हणाला. “बघा, आम्ही एकटेच नाही!”

टेप पुढे चालू होती; चार दिवसांनंतरच्या बातम्या लागल्या. एक गणवेशातला तरुण पडद्यावर आला. मागे विटांचा ढिगारा. हात नाजूक होते त्याचे, बंदूक कशी धरावी हे नीट कळत नसल्यासारखे. तो म्हणाला, “मी टीव्हीवर माझ्या वडिलांना बघितलं. त्यांना कुणी मारलं ते आता मला माहीत आहे.” खाली नाव आलं: सामुएल चास्त्वेन, वुकोवार.

कुणीच यंत्र बंद केलं नाही. त्या पोरानं त्याचं बोलणं पुरं केलं.

“हे पुढचं मी बघितलं नव्हतं,” वुकाशिन म्हणाला. “आम्ही फक्त सुरुवात बघतो.”

“थोरला कुठं गेलाय म्हणाल्या त्या?” मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. मालेशेवनाही होतं. पडद्यावर नुकतंच तेच गाव लिहून आलं होतं.

मालेशेवना त्यांच्या साहेबांचा फोन तिथंच आला. कॅसेट मिळाली ना? मिळाली. बाईला द्या, फाईल बंद करा. “साहेब,” मालेशेव म्हणाले, “यात एक बाब…” पलीकडून आवाज वाढला. त्यांनी फोन ठेवला.

“चोर सापडला,” ते मला म्हणाले. “पण जे चोरलं ते कायद्यात कुठं लिहिलेलंच नाही. एका म्हाताऱ्याचं अंथरुणातलं मरण. कसली चोरी म्हणून नोंदवू?”

६

व्हरांड्यात आम्ही सगळेच गेलो. का, ते सांगता येत नाही. एकट्यानं जायची कुणाची छाती नव्हती. रातोमीरही आला, सेन्काही. नेवेंका बातम्यांचे कपडे घालून आली, तिच्या कानावर मेकअपच्या खोलीत सगळं पोचलं होतं. असल्या इमारतीत कुणाला काही सांगावं लागत नाही.

वुकाशिननं कॅसेट दोन्ही हातांनी दिली. काय झालं ते मालेशेवनी सांगितलं, आमच्या बाजूचं सगळं, काही न गाळता. काकू ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी कॅसेट शालीआड घेतली, थंडी लागू नये तशी.

“म्हणजे माझ्या प्रार्थनेवर गोळ्या लावल्या तुम्ही,” त्या म्हणाल्या.

सेन्का तोंड झाकून भिंतीकडे वळली.

“बरं. झालं ते झालं.” त्यांनी वुकाशिनकडे पाहिलं. “आता आज ही सगळी लावा. पाद्रीबाबासकट. पावेल जिथं असेल तिथं टीव्ही असेलच की. सैनिक बघतात ना बातम्या? तो बघेल आणि परत येईल. मोठी नाही ही कॅसेट.”

“काकू,” वुकाशिन म्हणाला, “ते माझ्या हातात नाही.”

“तुमच्या खणात तर होती.”

“लावणं माझ्या हातात नाही. आज हे लावलं तर उद्या पलीकडचे म्हणतील, बघा, स्वतःच कबूल केलं. मग आमची खरी माणसं मेली तरी कुणी… तुम्ही समजून घ्या. मी गाडी देतो. कुठं म्हणाल तिथं सोडतो तुम्हाला.”

“वुकोवारला सोडता?”

वुकाशिननं पुढं केलेली गाडीची किल्ली खिशात टाकली.

“साहेब, तुम्ही सांगा त्याला,” त्या मालेशेवकडे वळल्या. “तुम्ही पोलीस आहात.”

“मी पत्र लिहीन, काकू,” मालेशेव म्हणाले. “त्यांच्या तुकडीला. मी लिहीन.” ते पत्र कुठल्या पोत्यात पडेल हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि मला वाटतं काकूंनाही. काकूंनी मालेशेवच्या हातावर थोपटलं, धीर त्यांनाच द्यायचा असल्यासारखा.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तरी काय करणार. तुम्हाला वरून सांगतात.” त्यांनी पिशवी आवरायला घेतली. “माझा सामो आहे की. दुसरी मिळाली असणार त्याला. तो शिकलेला आहे, शांत आहे, लहानपणापासून भांडण मिटवायचा. तो करील काहीतरी. कुठूनतरी निरोप धाडील थोरल्याला, की बाबा असे गेले, झोपेत. पावेल कुणाचं ऐकत नाही, पण सामोचं ऐकतो. तो आहे म्हणून मला झोप लागते.”

आम्ही सहा जण होतो. रातोमीरला बुटाची नाडी बांधायची आठवण झाली. मालेशेव खिशात काहीतरी शोधत राहिले. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “काकू, कॉफी घेणार?” आणि स्वतःचाच राग आला.

काकू उठून उभ्या राहिल्या. घागरे झटकले. “नको गं बाळ. अंधार पडायच्या आत पावेलच्या खोलीवर जाते. ही तिथं ठेवते त्याच्या उशाला.”

“थांबा, काकू.”

नेवेंका पुढे आली होती. वुकाशिन म्हणाला, “नेवेंका, स्टुडिओत वाट बघताहेत.” तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. ती काकूंसमोर खाली बसली, त्या चांगल्या कपड्यांत, फरशीवर, आणि त्यांचे दोन्ही हात धरले. तिचा तो आवाज, ज्यावर आम्ही सगळे लोकर काढायचो, तो तिनं वापरला नाही. तो तिच्याकडे उरला नव्हता. खरखरीत, घरगुती आवाजात ती म्हणाली:

“सामोला कॅसेट मिळाली नाही, काकू. तिकडच्यांनीही ती लावली, आमच्यासारखीच कापून. सामो वुकोवारमध्ये आहे, आतल्या बाजूला, बंदूक घेऊन. पावेल बाहेरच्या बाजूला. तुमची दोन्ही मुलं एकमेकांवर गोळ्या झाडताहेत, ज्याला कुणीच मारलं नाही त्या बापासाठी. आणि बापाला मारलं, हे पावेलला मी सांगितलं.”